जिरवावे कुठे, वाहू द्यावे कुठे

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात गिरड येथे टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. सर्व धर्मांचे लोक तिथे नवस फेडायला जातात. या टेकडीच्या मातीत सुपारी, जायफळ यांच्यासारखे दिसणारे लहान गोल दगड सापडतात. फकिराची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल त्याच्या शापाने दगड झाला, अशी त्यामागची कथा आहे आणि इंग्रज अमदानीत गॅझेटियर लिहिणाऱ्यांनीही ती नोंदवून ठेवली. भूशास्त्राची कथा वेगळी आहे. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. त्या पोकळ्यांत पुढे झिरपत्या पाण्याने आणलेली खनिजे साचली. लाखो वर्षांत भोवतीचा काळा दगड कुजून माती झाला आणि आतले टणक खडे मोकळे झाले.

लहानपणी वडिलांनी आणून दिलेला असा एक खडा अजून माझ्या टेबलावर आहे. मी भूशास्त्राचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून जुने कागद, सरकारी अहवाल आणि मिळतील ती पुस्तके वाचत आलो. या खड्याने मला एक गोष्ट मात्र फार लवकर शिकवली. आपण ‘डोंगरासारखा अचल’ म्हणतो तो दगडही कुजतो, आणि त्याला कुजवण्यात मोठा हात पाण्याचा असतो. डोंगरउतारावर घर बांधणाऱ्या माणसाचा सगळा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो. पाणी उतारात किती शिरते आणि त्याला बाहेर पडायला वाट आहे की नाही, हा त्यातला मुख्य प्रश्न. महाराष्ट्राने गेल्या पन्नास वर्षांत या प्रश्नाच्या एका बाजूचा फार अभ्यास केला आणि दुसरी बाजू जवळपास सोडून दिली, असे मला वाटते. त्या सुटलेल्या बाजूबद्दल हा लेख आहे.

काळी आणि पांढरी

जुन्या मराठी कागदपत्रांत गावाचे दोन भाग येतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. ‘समस्त पांढरी’ असे लिहिले की त्याचा अर्थ सगळे गावकरी. माणसांच्या समूहाला मातीच्या रंगाचे नाव मिळावे, इतका हा भेद जिव्हाळ्याचा होता.

वर्धेची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. वैशाखात तिला पडणाऱ्या भेगांत हात जातो. अशा जमिनीवर पाया टिकत नाही, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नसे. म्हणून वस्ती शक्यतो उंचवट्यावर, मुरमाच्या टेकाडावर किंवा आधीच्या वस्तीच्या मातीवर होई. पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या भिंती पडल्या, त्यांवर नव्या उभ्या राहिल्या, चुलीची राख मिसळत गेली आणि पांढरीचा उंचवटा वाढत गेला. शेतकरी पडीक गावठाणाची ती माती गाडीत भरून शेतात खत म्हणून टाकत.

आमच्या जिल्ह्यात याचे सर्वांत जुने उदाहरण धाम नदीकाठचे पवनार. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे हेच पवनार, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. १९६७ मध्ये शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी नागपूर विद्यापीठातर्फे येथे उत्खनन केले, तेव्हा एकावर एक साचलेल्या वस्त्यांचे थर उघडे झाले. १९३८ मध्ये विनोबा येथील टेकाडावर राहायला आले. पुढे आश्रमाची जमीन खणताना वाकाटककालीन शिल्पे निघाली. आश्रमाच्या पायऱ्यांवरून खाली धामकडे पाहिले की जागेची निवड समजते : नदी हाताशी आहे, घरे पाण्याच्या वर आहेत आणि पडलेला पाऊस आपोआप उतरून जातो.

घराच्या बांधणीतही हाच विचार दिसतो. सेवाग्रामची बापू कुटी आपण साधेपणाचे प्रतीक म्हणून पाहतो. १९३६ मध्ये गांधीजी आले तेव्हा त्या गावाचे नाव शेगाव होते आणि ते दलदलीसाठी, हिवतापासाठी ओळखले जाई. पावसाळ्याच्या नजरेने कुटी पाहिली तर वेगळ्या गोष्टी दिसतात : उंच जोते, खूप पुढे आलेले कवेलूंचे छप्पर, भिंतीपासून दूर पडणाऱ्या पागोळ्या. मातीची भिंत पावसात टिकते ती पाणी तिच्या पायाशी थांबू दिले नाही म्हणून.

यातून पूर्वजांना सगळे कळत होते, असा निष्कर्ष मी काढत नाही. पांढरीवरची घरेही पडत आणि नदीकाठची गावे पुरात जात. पण जागा निवडताना ‘पाणी कुठून जाईल’ हा प्रश्न विचारला जाई. तो विचारणे आपण कधी सोडले, हे मला एका भिंतीमुळे कळले.

एक पडलेली भिंत

दहा-बारा वर्षांपूर्वी एका मुरमाच्या टेकडीच्या पायथ्याशी पडलेल्या ले-आऊटमध्ये मी प्लॉट घेतला. टेकडीचा पायथा जेसीबीने उभा कापून जागा सपाट केली होती आणि कापलेल्या बाजूला आठ फूट उंचीची दगडी भिंत बांधली होती. भिंत सुबक होती, दर्जा भरलेल्या, सिमेंटने नीट बंद केलेल्या. आमचा गवंडी म्हातारा होता. पहिल्याच दिवशी तो भिंतीकडे बघून म्हणाला, “भाऊ, पानी कुठून जाईन थे आधी पाहा.” मी हसण्यावारी नेले.

दुसऱ्या पावसाळ्यात तीन दिवस झड लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी भिंतीचा पंधरा-वीस फुटांचा तुकडा शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरावर आला. घरातले सगळे लग्नाला गेले होते, म्हणून जीव वाचले. दगडांच्या ढिगाऱ्यावरून पुढचे दोन तास गढूळ पाणी वाहत होते. भिंत बांधणाऱ्याने अतिवृष्टीला दोष दिला. आम्हीही तोच दिला, कारण पंचनाम्यात ‘अतिवृष्टीमुळे पडझड’ एवढाच रकाना होता.

पुढे वाचत गेलो तसा हिशोब उलगडला. आठ फुटी भिंतीवर कोरड्या मुरमाचा रेटा दर मीटर लांबीला ढोबळमानाने दीड टनाच्या आसपास असतो. भिंतीमागे पाणी माथ्यापर्यंत तुंबले, तर एकट्या पाण्याचा रेटा जवळपास तीन टन होतो आणि ओल्या मुरमाचा रेटा त्यात मिळतो. म्हणजे भिंतीवरचा भार दुपटीहून जास्त. हे टाळायला लागते ते इतकेच : भिंतीमागे दगडगोट्यांचा थर, भिंतीत थोड्या थोड्या अंतरावर आरपार भोके, आणि वरच्या अंगाला उतारावरून येणारे पाणी बाजूला वळवणारी पक्की नाली. भोकांचा खर्च म्हणजे काही पाईपचे तुकडे. त्या सुबक भिंतीत एकही भोक नव्हते.

उतार का सुटतो

भिंतीचा प्रश्न अख्ख्या डोंगराला लावला की दरडीचे शास्त्र सुरू होते. फ्रेंच अभियंता कुलोम याने १७७३ मध्ये मातीच्या रेट्याचा हिशोब मांडला. अलेक्सांद्र कोलँ याने १८४६ मध्ये कालव्यांच्या ढासळलेल्या चिकणमातीच्या काठांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पण पाणी नेमके काय करते, हे सूत्रात बांधले कार्ल टेर्झागी याने. त्याचा ग्रंथ १९२५ मध्ये व्हिएन्नात निघाला.

टेर्झागीची कल्पना मी माझ्यासाठी अशी समजून घेतली. बाजार समितीत ज्वारीच्या पोत्यांची थप्पी उभी असते. ती घसरत नाही, कारण वरच्या पोत्यांचा भार खालच्या पोत्यांवर दाबून बसलेला असतो आणि त्या दाबामुळे घर्षण टिकते. आता प्रत्येक पोत्याखाली कुणी अदृश्य हाताने वरचा भार थोडा थोडा उचलून धरला, तर थप्पी तेवढीच जड राहील, पण पोत्यांची एकमेकांवरची पकड जाईल. मातीच्या कणांमध्ये तुंबलेले पाणी तो अदृश्य हात असते. पावसाने उताराचे वजन वाढते आणि त्याच वेळी त्याला धरून ठेवणारी पकड ढिली होते.

वजनाचा अंदाज घ्यायचा तर एक एकर उतारावर १०० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे ४०० टन पाणी आले. दहा टनी चाळीस ट्रक भरतील इतके. तेवढ्याच पावसात हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर नऊ हजार लिटरहून अधिक पाणी जमते आणि आपण ते एका पाईपने घराच्या एका कोपऱ्याशी सोडतो.

सह्याद्रीत याला आणखी एक कारण जोडले जाते. तिथे लाव्ह्याचे थर एकावर एक आहेत. वर कुजलेल्या दगडाची भुसभुशीत माती, खाली पाणी न शोषणारा कातळ, आणि काही ठिकाणी दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पातळ पट्टा. झिरपलेले पाणी कातळाशी थांबते आणि आडवे सरकू लागते. वरची माती मग जणू ओल्या फरशीवर उभी असते.

अडवा, जिरवा

१९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला पाण्याची किंमत शिकवली. रोजगार हमीवर बांध घातले गेले, चर खणले गेले. पुढे ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा शाळांच्या भिंतींवर आली. विदर्भाचेच सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री असताना १९९२ मध्ये जलसंधारणाचे स्वतंत्र खाते झाले. वर्धा जिल्ह्याला या चळवळीचा अभिमान वाटावा असे कारण आहे. २०१७ च्या वॉटर कप स्पर्धेत आर्वी तालुक्यातील काकडदरा या लहानशा कोलाम गावाने राज्यात पहिला क्रमांक मिळवला. सातपुड्याच्या फाट्यांवरच्या त्या उतारांवर गावकऱ्यांनी स्वतःच्या हातांनी चर खणले. आमच्याकडे वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि मार्चमध्ये विहिरी तळ दाखवतात. अशा ठिकाणी धावत्या पाण्याला चालायला लावणे हेच शहाणपण.

पण चार दशके एकच घोषणा ऐकल्यावर वाहून जाणारे पाणी म्हणजे वाया जाणारे पाणी, असा आपल्या मनाचा कल झाला. ‘निचरा’ हा शब्द शेतीच्या पुस्तकात राहिला. घराच्या वरच्या उतारावर चर खणून पाणी जिरवणे आणि निर्मनुष्य माळावर ते जिरवणे यांत फरक आहे, हे सांगणारी घोषणा कुठल्याच भिंतीवर आली नाही. शोषखड्ड्याचेही तसेच. सपाट गावात सांडपाण्याला तो उत्तम उपाय. उतारावर वरच्या घराचा शोषखड्डा खालच्या घराच्या पायात बारमाही पाणी सोडत राहतो.

माळीण ते इर्शाळवाडी

३० जुलै २०१४ च्या सकाळी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर आला. १५१ माणसे गेली, बहुतेक महादेव कोळी समाजाची. बाहेरच्या जगाला बातमी दिली ती एसटीच्या चालकाने. नेहमीच्या जागी त्याला गावच दिसले नाही.

कारणांवर तेव्हा बरीच चर्चा झाली. मुसळधार पाऊस आणि तीव्र उतार यांबद्दल दुमत नव्हते. पडकई योजनेखाली भाताच्या खाचरांसाठी यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाने पाणी उतारावर थांबले, असा आक्षेप अनेकांनी घेतला. इतरांनी तो अमान्य केला. पडकई ही तिथल्या लोकांची जुनी पद्धत आहे. हाताने, थोडी थोडी, दगडी ताल घालून खाचरे काढण्याची. म्हणून गावकऱ्यांच्या माथी दोष मारणे मला पटत नाही. पण सगळ्या मतांमध्ये एक गोष्ट समान होती : पाणी उतारात शिरले आणि त्याला वेळेत बाहेर पडता आले नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात राज्यात जलयुक्त शिवार अभियान जाहीर झाले. दोन्हींचा एकमेकांशी कार्यकारणसंबंध नाही. तरी पाणी जिरवण्याचा एवढा मोठा कार्यक्रम येत असताना घरांवरच्या उतारातून पाणी बाहेर काढण्याचा तेवढाच मोठा कार्यक्रम आला नाही, ही नोंद इतिहासाने ठेवली पाहिजे.

पुढची नोंद अधिक बोलकी आहे. माळीणच्या वाचलेल्या लोकांसाठी जवळच आमडे येथे नवे गाव वसवले गेले आणि एप्रिल २०१७ मध्ये घरे ताब्यात दिली गेली. त्याच जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात नव्या गावात रस्ते खचले, भरावाला भेगा पडल्या आणि ज्यांनी आधीच सगळे गमावले होते ती माणसे पुन्हा घराबाहेर धावली. डोंगर कापून, भराव टाकून सपाट केलेल्या जागेवर पहिला पाऊस म्हणजे निचऱ्याची परीक्षा असते.

२२ जुलै २०२१ रोजी रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यात तळीये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या दिवसांत महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला. आमच्या वर्धेच्या अर्ध्या पावसाळ्याइतका. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालची ठाकर समाजाची इर्शाळवाडी गेली. २७ मृतदेह सापडले. ५७ जण सापडलेच नाहीत, त्यांना मृत घोषित करावे लागले. हे ठिकाण दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हते, असे तेव्हा सरकारने सांगितले.

ही यादी माझ्या मनातून जात नाही. यादीत नाव असणे म्हणजे धोका आणि नसणे म्हणजे निर्धास्ती, असा तिचा अर्थ लागतो. उतार मात्र दरवर्षी बदलतो. वर एक रस्ता कापला जातो, एक ओहळ बुजवला जातो, एक टाकी गळू लागते. ते बदल पाहणारा माणूस यादीत बसत नाही. तो गावात असावा लागतो.

नैनिताल आणि हाँगकाँग

असा माणूस नेमण्याचा इतिहास आपल्याच देशात आहे. १८ सप्टेंबर १८८० रोजी नैनितालला दोन दिवसांच्या पावसानंतर शेर-का-डांडा डोंगराचा कडा सुटला. मृतांचा आकडा योगायोगाने माळीणचाच : १५१. मेलेल्यांत त्रेचाळीस युरोपीय होते. इंग्रज सरकार इतक्या तातडीने हलले त्यामागे हे कारण असणार, यात मला शंका नाही. पण हलल्यावर त्यांनी केलेले काम उपयोगी होते. डोंगरउतारांवर दगडी नाल्यांचे जाळे बांधले. पावसाचे पाणी मातीत शिरण्याआधी पकडून तलावापर्यंत नेणारे. ते नाले साफ ठेवणे हा नगराच्या कारभाराचा भाग झाला. आज ते शहर टिकून आहे त्यात त्या नाल्यांचा वाटा मोठा आहे, आणि त्यांवर होणारी अतिक्रमणे हीच तिथली आजची चिंता आहे.

दुसरे उदाहरण हाँगकाँगचे. १८ जून १९७२ या एकाच दिवशी तिथे दोन ठिकाणी उतार कोसळले : साऊ माऊ पिंग येथे ७१ आणि पो शान रोड येथे ६७ माणसे मेली. आपण दुष्काळाशी झगडत होतो त्याच वर्षी. १९७६ मध्ये साऊ माऊ पिंगला पुन्हा दरड आली, आणि पुढच्या वर्षी उतारांसाठी स्वतंत्र सरकारी कार्यालय उघडले गेले. त्यांनी माणसाने कापलेल्या वा भरलेल्या उतारांची नोंदवही केली. आज तिच्यात सुमारे साठ हजार उतार आहेत. प्रत्येकाला क्रमांक आहे आणि प्रत्येकाच्या देखभालीची जबाबदारी कुणावर, हे लिहिलेले आहे. मालक खासगी असेल तर नाली त्याने साफ करायची.

दोन्हीकडचे तंत्र साधेच आहे. वरून येणारे पाणी माथ्याशी अडवून बाजूला वळवणारा चर, उतारावर पायऱ्यापायऱ्यांची पक्की नाली, आतले पाणी काढणारे आडवे पाईप, भिंतींना भोके. यांतले काहीच आपल्या अभियंत्यांना नवे नाही. आपल्याकडे नाही ती नोंदवही, आणि पावसाळ्याआधी नाली उपसण्याची कुणावर तरी टाकलेली जबाबदारी.

वर्धेकडे परत

वर्धेत माळीण होणार नाही, असे मला वाटते. आमच्या टेकड्या बुटक्या, उतार सौम्य, पाऊस कमी. पण हिंगणघाट, आर्वी, कारंजा, खुद्द वर्धा या सगळ्या गावांच्या कडेला ले-आऊट पडत आहेत. काही टेकड्यांच्या पायथ्याशी, काही बुजवलेल्या ओहळांवर, काही काळ्या मातीवर चार फूट मुरूम टाकून. इथे डोंगर अंगावर येत नाही. इथे भिंत येते, घराचा कोपरा खचतो, आणि पंचनाम्यात अतिवृष्टी लिहिली जाते. दोष पावसाच्या नावावर गेला की निचरा तपासण्याचे काम कुणाकडेच उरत नाही.

त्या वर्षीपासून मी माझ्या ले-आऊटची एक वही ठेवली आहे. कुठल्या पावसाला पाणी कुठून आले, कुठे थांबले, कुठल्या भिंतीच्या भोकांतून वाहिले आणि कुठल्या भिंतीची भोके कोरडी राहिली. पाऊस पडूनही भोक कोरडे असेल तर ते बुजले आहे, किंवा पाण्याने दुसरी वाट शोधली आहे. टेकडीच्या माथ्याशी जमिनीला नवी भेग, कललेले झाड किंवा खांब, अचानक गढूळ झालेला झरा, दाराची चौकट एकाएकी अडकू लागणे, हेही त्या वहीत येते. सरळ आणि स्वस्त नोंदी आहेत या. शाळेतली मुलेसुद्धा ठेवू शकतील.

शेजाऱ्यांची भिंत पुन्हा बांधली तेव्हा तोच म्हातारा गवंडी आला होता. या वेळी त्याने आधी पाईपचे तुकडे कापून ओळीने मांडले आणि मग दगडाला हात लावला. आता तो नाही. दरवर्षी मृगाच्या आधी आम्ही चार घरचे मिळून भिंतीमागची नाली उपसतो आणि एकेका भोकात काठी घालून पाहतो. गेल्या वर्षी अकरापैकी दोन भोके बुजलेली निघाली.